एका मेंढ्याचे चार

इमानच्या बापानं त्याचं नाव मोठ्या हौसेनं इम्मानुएल ठेवलं होतं. पण जतच्या पूर्वेकडच्या त्या गावात अर्धी माणसं कन्नडात भांडतात आणि मराठीत समेट करतात. त्यांच्या जिभेला एवढं लांब नाव पेलणार कुठून? गावानं त्याचा इमान करून टाकला. पुढं हा इमान मेंढरं चोरायला लागला, तेव्हा गावाला आयतीच करमणूक मिळाली. कुणाचं कोकरू दिसेनासं झालं की पारावर कुणीतरी हळूच विचारायचं, "आज इमान कुटं हाय?" आणि सगळा पार हसायचा. पुरावा मात्र कधी सापडला नाही. गावातलं जनावर त्यानं कधी उचललं नाही, आणि बाहेरच्या माणसाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

बाप भास्कर भला माणूस. गावाबाहेरच्या पत्र्याच्या ख्रिस्ती देवळात दर रविवारी घंटा वाजवायचा. त्यानं पोराकडून दहाच्या दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. इमान त्या घडाघडा म्हणायचा, चोरीची तर जरा जास्तच ठसक्यात. नाताळात पाठांतराचं बक्षीस घेऊन तो घरी आला, तेव्हा बक्षिसाच्या कंपासपेटीबरोबर दुसऱ्या कुणाची तरी एक पेन्सिल खिशात होती. बापानं त्या पेन्सिलीपायी त्याला बडवला. मोठेपणी बडवायला बाप उरला नाही.

चोरी रात्रीच करायची असते, ही घरात बसून विचार करणाऱ्यांची समजूत. इमान भर दुपारी करायचा. पिकअप रस्त्याच्या कडेला लावायची, बॉनेट उघडायचं आणि रडवेलं तोंड करून इंजिनात डोकं खुपसायचं. बिघडलेल्या गाडीवर कोण संशय घेणार? उलट मेंढके बिचारे पाणी आणून द्यायचे. मेंढक्याची पाठ वळली की कडेचं जनावर हौद्यात, वर ताडपत्री, आणि गाडी लगेच चालू. पुढच्या वळणावर थांबून तो जनावराचा कान कापायचा. धनगर मेंढराच्या कानाला खाच पाडतो. कुणाची एक, कुणाच्या दोन, कुणाची टोकाला, कुणाची बुडाशी. ती खाच म्हणजे त्या जनावराचं नाव आणि गाव. अर्धा कान उडवला की जनावर बेवारस झालं. मग सीमेपलीकडच्या बाजारात ते कुणीही विकावं आणि कुणीही घ्यावं.

त्याची शेवटची चोरी कोंडीबा मेंढक्याच्या कळपातली. माडग्याळी मेंढा होता, पोपटासारख्या बाकदार नाकाचा, अंगावर तांबूस ठिपके, चालला तर चार माणसं थांबून बघतील असा. त्या पैशावर इमाननं पोरीच्या बाप्तिस्म्याचं जेवण घातलं. अख्खा गाव जेवला. पोरीचं नाव आईनं ठेवलं, साक्षी.

आई म्हणजे मंगल, मिरजेतल्या दवाखान्यातल्या आयाची मुलगी. नवरा भाडी मारतो एवढंच तिला लग्नात सांगितलं होतं. जेवणानंतर आठवड्यानं ती पिकअपचा हौदा धुवायला गेली आणि ताडपत्रीच्या घडीत तिला कापलेल्या कानाचा वाळका तुकडा सापडला. तिनं आरडाओरड केली नाही. तुकडा त्याच्या जेवणाच्या ताटात भाकरीशेजारी ठेवला आणि समोर बसून राहिली. इमाननं त्या दिवशी सगळं सांगितलं. नंतर त्यानं मेंढराला हात लावला नाही, हे मात्र खरं. कांदा, द्राक्षं, कडबा, मिळेल ते भाडं मारायचा.

पण माणूस उत्साही. साधं सुधारून त्याचं समाधान होईना. तो रविवारी देवळात उभा राहून साक्ष द्यायला लागला. "मी लय मोठा पापी हुतो," अशी सुरुवात करायचा आणि दर रविवारी पाप थोडं वाढवायचा. लोक हुंदके द्यायचे, टाळ्या वाजवायचे. तो घरी यायचा तो हवेतच.

एका रविवारी परत येताना मंगल म्हणाली, "आवं, देवळातल्या लोकांचं तुमी काय न्हेलतं का?"

"न्हाई. का गं?"

"मग त्यास्नी कशाला सांगताय दर रविवारी? ज्याचं न्हेलं त्येला सांगा की."

इमानचं तोंड उतरलं. दोन दिवस तो तिच्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रोजच्यासारखी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत होती. जुन्या करारातले कायदे चालले होते, कंटाळवाणे, कुणाचा बैल कुणाला लागला तर काय, असले. इमान भिंतीला टेकून पेंगत होता. मंगलनं वाचलं, की कुणी मेंढरू चोरून विकलं तर त्यानं एका मेंढराला चार मेंढरं भरून द्यावीत.

इमान ताडकन उठला. "काय म्हणालीस? परत वाच."

तिनं परत वाचलं. मग तिलाही हुरूप आला. तिनं पुढची पानं उलटून ती उंबरावर चढलेल्या बुटक्या जकातदाराची गोष्ट काढली. लोकांना लुबाडून गब्बर झालेला तो माणूस प्रभू घरी आल्याच्या आनंदात म्हणतो, की ज्याला मी फसवलंय त्याला चौपट परत देतो. इमान अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. एवढं सोपं? इतकी वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरतोय आणि इथं चक्क भाव ठरवून दिलाय. एका मेंढ्याचे चार. बाकीच्या चोऱ्यांचे मालक त्याला ठाऊक नव्हते. वाटेवरचे कळप, कोण कुठला कुणास माहीत. पण त्या देखण्या मेंढ्याचा बोलबाला होता, त्यामुळं कोंडीबाचं नाव त्याला पक्कं आठवत होतं. मेंढ्याच्या डाव्या कानाला दोन खाचा होत्या, हेही.

त्यानं माडग्याळच्या बाजारातून दोन मेंढ्या आणल्या. पुढची दोन वर्षं त्या घरात मेंढरांशिवाय विषय नव्हता. पहिलं कोकरू झालं त्या दिवशी त्यानं गल्लीत साखर वाटली. दुसरं जुलाबानं आजारी पडलं, तेव्हा तो त्याला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसला आणि मधेच मंगलला म्हणाला, "एक जनावर वाढवायचं म्हंजे लय हाल असत्यात गं. मी आपलं उचललं आणि टाकलं हौद्यात." त्या दिवसापासून मंगलचा त्याच्यावर जरा जास्त विश्वास बसला.

शेवटी चार मेंढरं तयार झाली, अंगानं भरलेली, देखणी. कोंडीबाचा तळ सध्या डफळापूरच्या अलीकडं एका कापणी झालेल्या रानात आहे, असं कळलं. इमानला आता दम निघेना. निघायच्या सकाळी त्याच्या डोक्यात आणखी एक कल्पना आली, आणि तिनंच पुढं घात केला. मेंढरं द्यायचीच, तर कोंडीबाची म्हणूनच द्यावीत. त्यानं वस्तरा काढला आणि चारही मेंढरांच्या डाव्या कानाला दोन दोन खाचा पाडल्या. मंगल पोरीला तयार करण्यात गुंतली होती. तिला कळलं ते गाडीत बसल्यावर.

"हे काय केलंसा?" ती म्हणाली.

"खूण केली त्यांची. म्हाताऱ्याला बघून बरं वाटंल."

सगळ्या वाटेनं तो गाणी म्हणत होता. साक्षी मांडीवर उड्या मारत होती. मागं मेंढरं ओरडत होती. आज आपण मोकळे होणार, या कल्पनेनं त्याला गाडी उडवावीशी वाटत होती.

तळावर कोंडीबा जाळीच्या कुंपणाशी उभा होता, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. जवळ त्याचा मेहुणा हरिबा. इमाननं उतरून दोघांना नमस्कार केला, फळी पाडली आणि चारही मेंढरं खाली सोडली. तोंड भरून हसत तो म्हणाला, "तात्या, ही तुमची मेंढरं."

हरिबानं एका मेंढराचा कान धरून उलटा केला. खाच ताजी, कडेला अजून रक्त ओलं. त्यानं कोंडीबाकडं बघितलं. धनगराच्या रानात ताजी खाच म्हणजे एकच अर्थ: दुसऱ्याचं जनावर आणून त्यावर आपली खूण मारलीय.

"कुणाची चोरून आणलीस रं?" हरिबानं विचारलं.

"चोरून? न्हाई ओ. माझी हायत. म्हंजे तुमची हायत."

"तुझी, का आमची?"

"माझीच. पर तुमची."

याहून वाईट उत्तर त्याला सुचलं नसतं. हरिबानं त्याची गचांडी धरली आणि बाभळीला बांधला. मंगल पोरीला घेऊन धावत आली. "आवं, त्ये खरं सांगत्यात. आयका तरी," असं ती म्हणत राहिली. बांधलेल्या अवस्थेतच इमाननं सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वीची दुपार, उघडं बॉनेट, माडग्याळी मेंढा, शास्त्रातला चौपट भाव. त्याला वाटलं होतं, हे ऐकून म्हातारा डोळे पुसेल.

कोंडीबाचा चेहरा आणखीच काळवंडला. तो अगदी जवळ आला आणि म्हणाला, "धुळ्यानं धाडलं का तुला?"

"कोण धुळा?"

"नाटकं करू नगंस. किती दिलं त्यानं तुला, चोरी आपल्या अंगावर घ्यायला?"

मग ते हरिबाकडून कळलं. धुळा हा कोंडीबाच्या मेलेल्या भावाचा मुलगा, कोंडीबानंच पोसलेला. त्या दुपारी कळप धुळ्याच्या राखणीत होता. मेंढा गेल्यावर कोंडीबा म्हणाला की तू सावलीला झोपलास, न्हाईतर तूच विकलास. पोरगा म्हणाला, झोपलो नव्हतो, विकला नाही. कोंडीबानं त्याला भावकीसमोर काठीनं मारलं आणि तळावरून हाकलून दिलं. तेव्हापासून त्याला कुणी आपल्यात घेतलं नाही. जमत आलेलं लग्न मोडलं. आता कुंडलकडं एका ऊसवाल्याच्या म्हशी सांभाळतोय.

इमानला आजवर वाटत होतं, आपण एक मेंढाच नेला. त्या हौद्यात, त्या ताडपत्रीखाली, एक अख्खा माणूस आपण घेऊन गेलो होतो आणि पाच वर्षं त्याचा विचारही आपल्या मनात आला नव्हता. सैतान म्हणजे शिंगंवाला कुणीतरी असणार, असं त्याला लहानपणापासून वाटायचं. त्याचं काम करायला एक चांगली चालणारी पिकअप पुरते, हे त्याला आज कळलं.

"तात्या, त्येला मी वळखत बी न्हाई," तो म्हणाला. "मेंढा मी न्हेला. त्यो निर्दोष हाय."

कोंडीबानं पिशवीतून बिरोबाचा भंडारा काढून तळहातावर घेतला. "उचल. भंडारा उचलून सांग. मग मानतो."

धनगराच्या दारात याच्यापुढं अपील नाही. हरिबानं एक हात सोडला. इमाननं हात पुढं केला आणि मधेच थांबवला. उचलला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. मंगल बघत होती.

"न्हाई उचलत," तो म्हणाला.

"बघ, खोटा हाय," हरिबा म्हणाला.

"खोटा हाय म्हणूनच न्हाई उचलत. तात्या, मी बाजारात शेकड्यानं शपथा खाल्ल्यात. ह्यो माझाच मेंढा म्हणून भंडारा उचललाय, शास्त्रावर हात ठिवलाय, पोरीची आण बी घेतलीया. माझ्या शपतंची किंमत काय? प्रभूनं सांगितलंय, व्हय म्हंजे व्हय म्हणा, न्हाई म्हंजे न्हाई. तेवढंच शिकायलोय. भंडारा माझ्या हातानं बाटवू नगा. मला ठाण्यात न्या. तिथं सांगतो आणि आत जाऊन बसतो. दुसऱ्याची चोरी अंगावर घिऊन कोण आत बसतंय, तुमीच सांगा."

कोंडीबानं भंडारा कपाळाला लावून पिशवीत ठेवला. "चल," म्हणाला.

तर असा तो सगळा लवाजमा जतच्या रस्त्याला लागला. इमान गाडी चालवतोय, कारण दुसऱ्या कुणाला येत नव्हती. शेजारी मंगल आणि पोरगी. मागं हौद्यात कोंडीबा, हरिबा आणि चार मेंढरं. चोर स्वतः फिर्यादीला घेऊन ठाण्यात चाललाय, असं त्या रस्त्यानं यापूर्वी बघितलं नसेल.

नानासो हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तवा तक्रार दिल्ती का?"

"न्हाई," कोंडीबा म्हणाला. "आमचं आमी भावकीत मिटवतो."

"मग तक्रार न्हाई, तर चोर कसला?"

"साहेब, मी हाय की चोर," इमान काकुळतीला येऊन म्हणाला. "लिवून घ्या. आपल्या पायानं आलोय."

"पाच वर्सांनी आठवलं?" नानासोनं कोंडीबाकडं बघितलं. "बाबा, तुमाला द्यायची असंल तक्रार तर आता द्या. घेतो. मग मात्र ह्यो आत जाणार, आणि कोर्टाचा फेरा तुमाला बी लागणार. विचार करून सांगा."

सगळे कोंडीबाकडं बघायला लागले. मंगलनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. तिचे ओठ हलत होते. इमाननं एकदाच तिच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. त्याला भीती वाटत होती, भरपूर वाटत होती, आणि तरी मनातून तो ओरडत होता, की म्हाताऱ्या, हो म्हण, हो म्हण.

कोंडीबानं त्याचं तोंड नीट निरखलं. मग बाकावर बसला. "ह्यो खरं बोलतोय," तो हरिबाला म्हणाला. "मेंढा ह्यानंच न्हेला. पोराला मी उगंच मारलं."

"तक्रार?" नानासोनं विचारलं.

"ह्याच्यावर करायची, तर आधी माझ्यावर करा. ह्यानं मेंढा न्हेला. पोराला मी हाकललं." तो उठला आणि इमानला म्हणाला, "तुमच्या शास्त्रात मेंढराचं चार लिवलंय म्हणतोस. माणसाचं किती लिवलंय?"

इमान गोंधळला. त्यानं मंगलकडं बघितलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

"माणसाचं भरून देता येत न्हाई, तात्या," ती म्हणाली. "जाऊन सांगावं लागतंय."

ठाण्यातून गाडी सरळ कुंडलला. जत मागं पडलं, तशी रानं हिरवी होत गेली, उसाच्या भिंती दोन्हीकडनं यायला लागल्या. इमान बेभान चालवत होता. मंगलनं दोनदा त्याच्या दंडाला धरून वेग कमी करायला लावला. आपण पोचायच्या आत धुळा कुठंतरी निघून गेला तर, एवढीच धास्ती त्याला होती.

धुळा गोठ्यापुढं म्हशींसाठी उसाचं वाडं तोडत होता. सडपातळ, पंचविशीचा, एका भुवईवर जुना व्रण. गाडीतून कोंडीबा उतरताना दिसला तसा तो कोयता हातात धरून ताठ उभा राहिला. कोंडीबा चार पावलं पुढं गेला आणि थांबला. त्यानं मान खाली घातली. हरिबाही खाली बघत होता. शेवटी बोलायचं इमानवरच आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं थोडक्यात सांगितलं.

"मी इमान. तुमचा मेंढा मी न्हेला."

धुळ्यानं त्याच्याकडं रोखून बघितलं. रागानं कोयता उगारेल असं इमानला वाटलं, आणि उगारला असता तरी तो हलला नसता. पण धुळ्यानं विचारलं ते भलतंच.

"तवा मी काय करत हुतो? तू बघितलंस?"

"बघितलं की," इमान म्हणाला. "बघतच हुतो मी, कवा तुझी पाठ वळतीया ते. एक कोकरू वड्यातल्या बाभळीच्या फेसाट्यात अडकल्तं, वरडत हुतं. तू कळप तसाच सोडून खाली उतरलास. काट्यात घुसलास. शर्ट फाटला तुझा. तू एका कोकरापायी गेलास, म्हणूनच माझं फावलं."

नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकामागं जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट इमाननं बापाच्या मांडीवर बसून ऐकली होती, देवळात शंभरदा ऐकली होती. तो मेंढपाळ म्हणजे खुद्द प्रभू, हेही त्याला ठाऊक होतं. मागं राहिलेल्या नव्व्याण्णवांजवळ, उघड्या बॉनेटमागं, आपण उभे होतो, हे मात्र त्याला आज दिसलं. एका माणसाच्या चांगुलपणाची वेळ हेरून त्यानं चोरी केली होती.

धुळा काकाकडं वळला. "आयकलंसा का, तात्या?"

कोंडीबानं मान हलवली. डोक्यावरचा पटका काढला आणि तो धुळ्याच्या पायावर ठेवायला वाकला. पटका जमिनीला टेकायच्या आत धुळ्यानं तो वरच्या वर धरला.

"आवं, डोक्यावर घ्या त्यो," धुळा म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. "मला दुसरं काय नगं. मी झोपलो न्हवतो, येवढंच सांगत हुतो मी तवा."

"व्हय," कोंडीबा म्हणाला. "तू झोपला न्हवतास."